हंबीररावांच्या मेंदूचा निकाल

हंबीररावांच्या मेंदूचा निकाल लागला तो मंगळवारी, सांगलीत, भर दुपारी. चौतीस टक्के.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं. जत्रेतल्या रिबिनी मुठीत धराव्यात तशा त्यात रंगीत रेघांच्या दोन जुड्या होत्या. एक दाट, दुसरी मधेच विरळ झालेली.

"मेंदूतून हाताला हुकूम नेणाऱ्या या तारा," डॉक्टर म्हणाले. "डाव्या बाजूच्या तारांना मार बसलाय, म्हणून उजवा हात बंद. आमच्या नव्या प्रोग्रॅमनं सगळं मोजलंय. असा स्कॅन असलेल्या शंभर पेशंटांपैकी साधारण चौतीस जणांचा हात सहा महिन्यांत कामापुरता परत येतो."

डॉक्टरांनी 'साधारण' म्हटलं, 'जणांचा' म्हटलं आणि 'कामापुरता'ही म्हटलं. पण हंबीररावांचा धाकटा भाऊ धनाजी त्या वेळी फोनवर होता. तो ग्रामपंचायतीचा मेंबर असल्यामुळे कायमच फोनवर असायचा. त्यानं फोन खाली घेतला तेव्हा त्याच्या कानावर एकच शब्द पडला आणि कागदावर तोच आकडा लाल गोलात दिसला.

"चौतीस?" धनाजीनं कपाळाला हात लावला. "एका मार्कानं गेलं की वो, वहिनी!"

हंबीररावांची बायको अंजना डॉक्टरांकडे वळली. डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

गाडीत हंबीरराव कागदावरचा शिक्का बघत बसले. एकवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. कागदावर सही-शिक्का असला की त्यांच्या लेखी तो हुकूम. हुकमाबद्दल शंका काढायची नसते.

तेवीस दिवसांपूर्वी सकाळी म्हशीला वैरण टाकताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली. जीभ चार दिवसांत सुटली, पंधरवड्यात पाय काठीवर चालायला लागला, हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. डाव्या हातानं जेवा म्हटलं तर हवालदार उसळले, "डाव्या हातानं? मेलो तरी न्हाई." म्हणून दोन्ही वेळा अंजना त्यांना भरवायची. कुणी बघू नये म्हणून दार लोटून घ्यायची. एकसष्ट वर्षांचा मिशीवाला माणूस आ करून बसायचा आणि प्रत्येक घासाला डोळे मिटून घ्यायचा. अंजनाला त्यांनी बांधावर जावं, ट्रॅक्टर चालवावा असलं काही नको होतं. एक भाकरी आपल्या हातानं खावी, बास.

कडेगावपासून नऊ किलोमीटरवरच्या त्यांच्या गावात निकाल गाडीच्या आधी पोचला. संध्याकाळी माणसं भेटायला आली. दहावीला पोरगं नापास झालेल्या घरात शिरावं तशी आली, चपला हळू काढून.

"पेपर अवघड निघाला असंल," एकानं सुरुवात केली.

"सांगलीवालं कडकच तपासत्यात," दुसऱ्यानं दुजोरा दिला.

"मनाला लावून घ्यू नगा, हवालदार. आमचा सिद्धू तीनदा बसला. आज पुण्यात कंपनीत हाय."

"पर मेंदूचा अभ्यास केला न्हवता व्हय?"

"कवा करणार गड्या? फौजेत हुता न्हवं."

लोक हसले. हंबीररावही सवयीनं हसले आणि मग भिंतीकडे तोंड करून पडले.

सगळ्यांत अधिकारवाणीनं बोलला तो जोतीराम. तीस वर्षं तो हायस्कुलात शिपाई होता. बोर्डाचा प्रत्येक निकाल त्याच्याच हातानं फळ्यावर डकवला गेला होता. "चौतीस म्हंजी बॉर्डर केस," त्यानं कागद उजेडाला धरून सांगितलं. "एका मार्कासाठी कुणी पोराला अडवत न्हाई. ग्रेस द्याया पायजे हुता. मागितला न्हाई का?"

धनाजीनं मागितला नव्हता. त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं क्रांतीला फोन केला. क्रांती कडेगावची फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून तीनदा स्कूटीवरून यायची आणि हंबीररावांच्या हाताकडून लिंबू दाबणं, टॉवेल गुंडाळणं असले प्रकार करून घ्यायची. धनाजी त्याला शिकवणी म्हणायचा. "आता यिऊ नगा, म्याडम," त्यानं कळवलं. "नापास झालेल्याला शिकवणी कशाला?"

दाबायचं लिंबू त्याच दिवशी पोह्यावर पिळलं गेलं.

अंजनाला मात्र नापास होणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. तिला दहावीला गणितात एकतीस पडले होते. एका प्रमेयात तिनं शेवटची पायरी लिहिली नव्हती. येत होती, पण घंटा झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसते, असं ती वडिलांना म्हणाली. वडील हो म्हणाले. ऑक्टोबर यायच्या आत तिची सुपारी फुटली. नापास झालीच आहे तर आता वेळ कशाला घालवायचा, असा घरातला सरळ हिशेब. त्या एकतिसाचा अर्थ काय, कुठली पायरी राहिली, हे कुणी विचारलंच नाही.

तिनं शेजारच्या शालूबाईच्या फोनवरून क्रांतीला बोलावलं. धनाजी तहसीलला गेलेला बघून.

क्रांतीनं कागद वाचला. आधी हसली, मग हसायची थांबली.

"काकू, हे काकांचे मार्क नाहीत."

"मग कुणाचं?"

क्रांतीनं ताटात शेंगदाणे मागितले. मोजून शंभर ठेवले. त्यांतले चौतीस बोटानं एका कडेला सारले. "काकांसारखा स्कॅन असलेली ही शंभर माणसं. या चौतीस जणांचा हात आला, बाकीच्यांचा आला नाही. आता यातले काका कुठले ते सांगा."

अंजना ताटाकडे बघत राहिली. सगळे दाणे सारखेच. "ते कसं वळखायचं?"

"ओळखता येत नाही. स्कॅनलाही येत नाही. ताटात साधारण किती बरे होतात, एवढंच त्याला माहीत आहे. आपला दाणा कुठल्या बाजूला जाईल, ते त्यानं सांगितलेलं नाही."

"आन् ही चौतीस जणं बरी झाली ती काय करून? झोपून?"

क्रांती चमकून तिच्याकडे बघत म्हणाली, "नाही. या शंभरही जणांनी रोज हात चालवला होता. त्यांतल्या चौतिसांचा आला. झोपून राहिले असते तर किती जणांचा आला असता, ते या कागदात नाही."

मग तिनं हंबीररावांचा हात हातात घेतला. "काका, बोटं उघडा." बोटं उघडली. फार नाही, एखादं पेन आत सरकेल इतकी. "हे मागच्या आठवड्यात नव्हतं," क्रांती म्हणाली. "काकू, पहिले तीन महिने मोलाचे असतात. त्यातला एक सरत आलाय."

"यील का हात?"

"माहीत नाही."

आजवर मिळालेल्या सगळ्या उत्तरांत हे अंजनाला जास्त भरवशाचं वाटलं.

संध्याकाळी तिनं ते ताट नवऱ्यापुढे ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून समजावलं. हंबीररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कागदावर काय लिव्हलंय?"

"चौतीस."

"शिक्का हाय?"

"हाय."

"तुझ्या शेंगदाण्यावर हाय का?"

नव्हता.

इकडे धनाजी स्वस्थ बसला नव्हता. त्याला फेरतपासणीचा अर्ज करायचा होता. जोतीरामनं सल्ला दिला, बोर्डच बदला, साताऱ्याला बसवा. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आरं, सांगली-सातारा दोन्ही कोल्हापूर बोर्डातच येत्यात की!" त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं, की मेंदूचं बोर्ड वेगळं असणार.

साताऱ्याचं स्कॅन सेंटर नवं कोरं होतं. डॉक्टर भेटले नाहीत. काउंटरवरल्या बाईंनी पाकीट दिलं. धनाजीनं ते हायवेला लागायच्या आत फोडलं. या वेळी गोल हिरवा होता आणि त्यात आकडा होता: ७१.

"दादा! फस्क्लास!"

गाडी वळवून परत साताऱ्यात नेली, पाच किलो कंदी पेढे घेतले आणि मगच गावाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. 'मा. हवालदार हंबीरराव यांनी मेंदूच्या परीक्षेत ७१ टक्के गुण मिळवून गावाचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' हंबीररावांचा वर्दीतला तीस वर्षांपूर्वीचा फोटो. त्याच्या दुप्पट धनाजीचा, हात जोडलेला, कारण पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. मधे मेंदू हवा होता. फ्लेक्सवाल्याला मेंदूचा बरा फोटो सापडला नाही, म्हणून त्यानं फ्लॉवरचा गड्डा टाकला. गावात कुणाला फरक कळला नाही. ज्यांना कळला त्यांनी पेढा खाल्ला होता.

अंजना म्हणाली, "भावजी, आता क्रांती म्याडमना बोलवूया."

"आता? पास झालेल्याला शिकवणी कशाला, वहिनी?"

"नापास झालं तवाबी तुमी हेच म्हणला हुता."

"मग? दोन्ही येळेला खरंच हाय की."

हंबीररावांचं तर रूपच पालटलं. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते सकाळी कट्ट्यावर येऊन बसत. उजवा हात मांडीवर नीट मांडून ठेवत आणि एसटीची वाट बघावी तशी त्याची वाट बघत.

"बोटं हालवा की जरा," अंजना म्हणायची.

"यील. एकाहत्तर टक्के हाय."

"आवं, पर कवा?"

"आपसूक. पेन्शन येती तशी."

आणि जेवायच्या वेळी पुन्हा आ करून, डोळे मिटून बसत. फरक इतकाच पडला होता, की आता त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. चार दिवसांचा तर प्रश्न, असं त्यांच्या चेहऱ्यावर असायचं. अंजनाला ते जास्त भयंकर वाटलं.

तिनं साताऱ्याचा कागद पदराखाली घेतला आणि एसटीनं कडेगावला क्रांतीकडे गेली. क्रांतीनं बारीक अक्षरातल्या ओळी बोट ठेवून वाचल्या.

"काकू, यांनी वेगळंच मोजलंय. धडधाकट बाजूच्या तारा शंभर धरल्या, तर मार बसलेल्या बाजूच्या एकाहत्तर दिसतात. एवढंच. हात किती येईल, हा आकडाच नव्हे."

"म्हंजी चौतीसाचं एकाहत्तर झालं न्हाईत?"

"सांगलीनं वजन केलं, साताऱ्यानं उंची मोजली. आणि तुमचे दीर म्हणतात, वजन वाढलं."

अंजना हसली, पण हसता हसता तिनं मनात दिवस मोजले. एकावन्न झाले होते.

येत्या रविवारी सत्कार होता. तालमीपुढच्या पटांगणात मांडव पडला. अंजनानं क्रांतीलाही बोलावलं. ती बायकांच्यात मागं बसली. धनाजीनं माईक हातात घेतला तो सोडेना. "आमच्या घराण्यात मेंदू हाय का, असं विरोधक इचारत हुतं. आज सातारनं त्येंना उत्तर दिलंय!" टाळ्या झाल्या. मग शाल पांघरली गेली आणि नारळ पुढे आला.

मानाचा नारळ डाव्या हातानं घ्यायचा नसतो. हंबीररावांनाही तो तसा घ्यायचा नव्हता. एकाहत्तर टक्के मिळवलेला माणूस. त्यांनी सगळ्या गावादेखत उजवा हात उचलला.

हात मांडीवरून उठला. वीतभर वर आला. बोटं उघडली, पेन सरकेल इतकी. धनाजीनं फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघत नारळ त्यावर ठेवला आणि सोडला.

नारळ स्टेजच्या फळीवर आपटला, गडगडत खाली गेला आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचांच्या बुटाला लागून थांबला.

हंबीरराव स्वतःच्या हाताकडे बघत होते. हुकूम चुकीचा असू शकतो, हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच दिसत होतं. धनाजीनं माईक तोंडाशी नेला, पण त्याच्या तोंडातून शब्द निघेना. हेही गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

अंजना बायकांच्यातून उठली. सरपंचांच्या पायाशी वाकून तिनं नारळ उचलला. सभेत ती जन्मात बोलली नव्हती. आताही ती सभेशी बोलली नाही. ती जोतीरामकडे वळली.

"जोतीराम भावजी, दहावीला सगळं लेखीच असतंय का वो?"

"न्हाई, वहिनी," जोतीराम गोंधळून म्हणाला. "प्रात्यक्षिक असतं की. विज्ञानाचं."

"आन् त्येला कोण गैरहजर राहिलं तर?"

इथे जोतीरामचा तीस वर्षांचा अनुभव जागा झाला. तो उभा राहिला. "मग लेखीला शंभर असू द्यात, काय उपेग न्हाई. निकाल राखून ठेवत्यात."

"मग ह्येंचं सांगलीला, सातारला जे झालं ते लेखी हुतं. झोपवून, यंत्रात घालून. हात उचल म्हणून कुणी सांगितलं न्हवतं." तिनं नारळ नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "प्रात्यक्षिक बाकी हाय."

गर्दीतून आधी एक 'व्हय की!' आला, मग दहा आले. इतकी सोपी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, याचं प्रत्येकाला नवल वाटलं. धनाजीला तर वाचा फुटली. "मंडळी, हेच मी जाहीर करणार हुतो!"

हंबीररावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मान ताठ केली. "तारीख काय?"

मागून क्रांती उभी राहिली. "आजपासून चाळीस दिवसांनी, काका."

"पीटी किती वाजता?"

"साडेसात."

"साडेपाचला," हंबीरराव म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पडवीत गर्दी व्हायला लागली. क्रांती साडेसातला यायची, पण जोतीराम साडेपाचला शाळेची जुनी वही घेऊन हजर असायचा. हजेरी तो स्वतः घ्यायचा, हंबीररावांचीही आणि बघ्यांचीही. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत शेंगदाणे टाकायचे. दोरीला कपड्यांचे चिमटे लावायचे आणि काढायचे. पितळी गडवा उचलून फळीवर ठेवायचा. उजव्या हाताला आळस येऊ नये म्हणून क्रांतीनं डाव्या हातात मोजा घालून तो मनगटाशी बांधून टाकला.

"चालत्याला बांधून ठेवायचं आन् न चालत्याला कामाला लावायचं," शालूबाई म्हणाली. "आपली पंचायत अशीच चालती न्हवं का वो, मेंबर?"

धनाजीनं फोन कानाला लावला.

पाचव्या दिवशी गडवा निसटायला लागला तसा हंबीररावांनी मोज्यातल्या डाव्या हाताचा टेकू दिला. जोतीराम ताडकन उठला. "कॉपी! कॉपी केली!"

"आरं, पडत हुता रं गडवा!"

"पडू द्या. केंद्रावर कॉपी चालत न्हाई. मी तीस वर्सं बघतोय."

त्या दिवसापासून सगळा गाव डाव्या हातावर नजर ठेवून बसला. क्रांती अंजनाच्या कानाशी लागली. "काकू, आमच्या पुस्तकात या उपचाराला मोठं नाव आहे. 'कॉपीबंदी' त्यापेक्षा चांगलं आहे."

हात भराभर सुधारला, असं काही झालं नाही. आठवडाच्या आठवडा शेंगदाणे सांडायचे आणि कोंबड्यांची चंगळ व्हायची. मग एक दिवस चौदा दाणे पोचले. दुसऱ्या दिवशी नऊच. त्या रात्री हंबीरराव जेवले नाहीत. क्रांतीनं जोतीरामच्या वहीत वर-खाली जाणारी रेघ काढून दाखवली. रोजची रेघ वेड्यासारखी नाचत होती, पण महिन्याची हळूच वर चढत होती. "यील का?" अंजनानं पुन्हा विचारलं. "अजूनही माहीत नाही," क्रांती म्हणाली. अंजनानं मान हलवली आणि वाटीत शेंगदाणे भरले.

प्रात्यक्षिकाला सहा दिवस उरले होते. दुपारची वेळ होती, पडवीतली गर्दी पांगली होती. अंजनानं ताट वाढलं, पिठलं आणि ज्वारीची भाकरी. नेहमीसारखी समोर बसली, घास मोडला आणि पुढे केला.

हंबीररावांनी आ केला नाही. उजव्या हाताच्या पालथ्या बाजूनं त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

मग तो हात ताटात उतरला. बोटं गंजलेल्या पकडीसारखी भाकरीवर मिटली. तुकडा हवा त्याहून मोठा मोडला. पिठल्यात टेकला, उचलताना थरथरला, निम्मं पिठलं सदऱ्यावर सांडलं. उरलेला घास मिशीला लागून तोंडात गेला. हंबीरराव चावत होते आणि डोळे उघडे होते.

बाहेरून धनाजीची हाक आली. "दादा, परीक्षेआधी अंदाजे किती टक्के धरू? फ्लेक्सवाला थांबलाय!"

दुसरा घास ताटातच पडला. तिसरा पोचला. अंजनाचा हात सवयीनं अर्धा उचलला गेला होता, तो तिनं मागं घेतला. चुलीकडे वळून तव्यावरची भाकरी आपल्या ताटात घेतली आणि नवऱ्याबरोबर जेवायला बसली. भाकरी गरम होती. बोटं पोळली तरी तिनं ती तशीच मोडली.